भेटीचा उद्देश

"सही कोनाची?"

काउंटरवरच्या कागदावर पंजा पालथा टाकायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत हे विचारायचं. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काकाजींनी हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला आहे. समोरचा बिचारा म्हणायचा, "माझी."

"अन् भरला कोनं?"

"ह्या ताईंनी."

"म्हन्जे भरनार ह्या अन् फसनार तू. वा रे वा, बाप्पा!"

एवढं बोलून ते त्याच्या हातात पेन द्यायचे, माझ्याच दुकानातल्या माझ्याच स्टुलावर त्याला बसवायचे आणि फॉर्म त्याच्याकडूनच भरून घ्यायचे.

आता तुम्हीच सांगा, माझं पोट लोकांचे फॉर्म भरण्यावर. नागपुरात बेसा रोडच्या आमच्या लेआउटात माझं छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'सर्व प्रकारची ऑनलाइन कामे'. त्या पाटीखाली उभं राहून हा माणूस माझं गिऱ्हाईक फोडायचा, आणि वर मलाच म्हणायचा, "ताई, चहा सांगा ना दोन. हा पोट्टा लय हुशार आहे, भरून राहिला बराबर." तो पोट्टा पन्नाशीचा किराणा दुकानदार होता. पासपोर्टच्या फॉर्मवर 'ओळखीची खूण' या रकान्यात त्याने 'सगळे ओळखतात' असं लिहिलं होतं. काकाजींना त्यात काही चूक दिसली नाही. खरंच सगळे ओळखतात, मग?

काकाजी कंजूस नव्हते, हे आधीच सांगते. चहाचे पैसे तेच द्यायचे. त्यांची सारी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ऑपरेटर म्हणून झाली. रिटायर झाल्यावर तिथली वसाहत सोडून त्यांनी आमच्या गल्लीत घर बांधलं, पण खापरखेडा काही त्यांच्यातून निघालं नाही. खिशाला दोन पेनं असायची, एक स्वतःसाठी आणि एक दुसऱ्याच्या हातात द्यायला. कागद घेतला की तो आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि रकाना रिकामा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

वीजकेंद्रात एक रीत असते. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी उद्या तिथे कामाला लागू शकेन. मशीनच्या पोटात दुरुस्तीसाठी माणूस शिरण्याआधी तिचा स्विच बंद करायचा आणि त्यावर लाल टॅग लटकवायचा. टॅगवर नाव, काम काय, कधी होईल आणि सही. तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कोणी, मग तो कितीही मोठा साहेब असो, हात लावायचा नाही. "म्हनून तं मानसं संध्याकाळी घरी जातात," काकाजी सांगायचे. हे वाक्य बोलताना मात्र ते कधी हसले नाहीत.

निरोप समारंभात शाल-नारळाबरोबर सोबत्यांनी गंमत म्हणून त्यांना कोऱ्या टॅगांचा एक गठ्ठा दिला. ज्यांनी दिला त्यांना हा माणूस अजून कळला नव्हता असंच म्हणायचं. त्यांच्या घरात गिझरवर टॅग, पाण्याच्या मोटारीवर टॅग. एकदा ऐन मे महिन्यात त्यांनी कूलरचा पंप साफ करायला काढला, टॅग लावला आणि मधेच कोणाच्या तरी तेरवीला गावी निघून गेले. पंप जोडून तयार होता, पाणी भरलेलं होतं, फक्त बटण दाबायचं बाकी होतं. काकूंनी फोन केला. काकाजी म्हणाले, "फोनवर टॅग निघत नसते वं." काकू तडक माझ्या दुकानात येऊन माझ्या कूलरसमोर बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या नवऱ्याची ही कथा दिवसभर सांगत राहिल्या. काकाजी संध्याकाळच्या बसने परत आले, टॅग काढला, बटण दाबलं, आणि मग माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "चाल, झालं आता." काकू म्हणाल्या, "येईन माहीबी पारी कधी." तेव्हा आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नव्हत्या, हे मला नंतर आठवलं.

त्यांना एकच मुलगी. इथेच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती, लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिथे तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. मग माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. काकूंनी त्याच दिवशी डिंक निवडायला घेतला.

"माह्या टायमाले माही माय नोती," काकू मला म्हणाल्या. त्यांची आई आधीच गेलेली होती, आणि मुलगी झाली तेव्हा वसाहतीतल्या शेजारणींनी त्यांचं केलं होतं. "शेजारनींनी काही कमी नाही केलं. पन रडू आलं तं कोनापाशी रडाचं, सांग. पोरीच्या टायमाले मी राहीनच. मंग विमानाले लटकून जाव लागलं तरी."

म्हणून काकूंचं म्हणणं होतं की या वेळी हुशारी नको. धरमपेठेत एक व्हिसाचा सल्लागार होता. काकूंच्या भिशीतल्या दोघी त्याच्याचकडून कागद करून आपापल्या मुलांकडे जाऊन आल्या होत्या. काकाजी तयार होईनात. शेवटी 'नुसतं पाहून तं येऊ' एवढ्यावर ते राजी झाले. काकू मला म्हणाल्या, "तूबी चाल वं संग. नाही तं हे तिथंबी पंजा टाकतील."

टाकलाच. तो सल्लागार तिशीचा, गोड बोलणारा मुलगा होता. काचेची केबिन, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि एसी असा की काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. सगळं आम्ही बघतो."

काकाजींनी समोरच्या कागदावर पंजा ठेवला. "सही कोनाची?"

"सही तुमचीच लागेल, काका."

"अन् चूक झाली तं?"

"जबाबदारी अर्जदाराची असते. तसं फॉर्मवरच लिहिलेलं असतं."

"मंग तुमी काय करता?"

मुलगा जरा गडबडला, पण चिडला नाही. "आम्ही मार्गदर्शन करतो. काय, कसं मांडायचं, ते सांगतो."

"खरं असन तं त्याले मांडाले काय लागते?"

"काका," तो म्हणाला, "खरं पण मांडावं लागतं."

काकाजी उठले. काकू उठल्या नाहीत. त्या तशाच बसून राहिल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "ठीक आहे. तुमच्याच हातानं भरा. पन मी जर नाही पोचली पोरीपाशी, तं जलमभर बोलनार नाही." हे त्या इतक्या शांतपणे बोलल्या की त्या मुलाने उठून एसी कमी केला.

मग अर्ज माझ्या दुकानात भरायला घेतले, आधी हाताने कागदावर, मग माझ्या संगणकावर. आधी काकूंचा. 'यापूर्वी तुम्ही दुसरे कोणते नाव वापरले आहे का?' असा त्यात एक प्रश्न होता. लोक तिथे 'नाही' म्हणून पुढे जातात. काकाजी थांबले. काकूंचा जन्म खाप्याचा. घरात लाडाने 'बेबी' म्हणायचे, आणि मास्तरांनी शाळेत तेच लिहून टाकलं, म्हणून दाखल्यावर बेबी. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने काकाजींनी नवं नाव लिहिलं, मंदाकिनी. सासूबाईंच्या जिभेला ते काही वळेना, म्हणून त्या मरेपर्यंत 'मंदी' म्हणत राहिल्या.

"तीनही लिहा," काकाजी म्हणाले.

"काकाजी, मंदी कुठे कागदावर आहे?"

"कागदावर नसन. पन हाक मारली की ही जात होती ना? म्हन्जे वापरलं." मग त्यांनी क्षणभर विचार केला. "कॉलनीतल्या बाया हिले ऑपरेटरीनबाईबी म्हनत."

ते चौथंही त्यांनी लिहायला लावलं. जागा पुरेना, वेगळा कागद जोडावा लागला. काकू कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पण तुम्हाला सांगते, दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांचा मेळ त्या कागदामुळेच बसला. तिथे 'नाही' लिहिलं असतं तर बेबी कोण आणि मंदाकिनी कोण, हे त्या परक्या देशातल्या साहेबाला देव आला असता तरी सांगता आलं नसतं.

पुढे होता भेटीचा उद्देश. काकूंनी जराही न थांबता सांगितलं, "पोरीचं बाळंतपन. माह्या टायमाले माही माय नोती." काकाजींनी ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. मी एक अक्षर बदललं नाही.

मग काकाजींचा स्वतःचा अर्ज आला. बाकी सगळं भराभर झालं. नोकरीच्या माहितीत त्यांनी कुठल्या पाळीत कुठल्या मशीनवर होते तेसुद्धा टाकलं. आणि भेटीच्या उद्देशापाशी गाडी अडली. पेनाचं टोपण लावून ते दाराबाहेर बघत बसले.

"मले तिथं काय काम आहे?"

"म्हणजे काय, काकाजी?"

"नाही, खरंच. बाळंतपन बायकांचं काम. मी तिथं जाऊन करनार काय? हिच्यासंग जातो एवढंच."

"मग लिहा ना, नातवंडाला भेटायला."

"जलमलं कुठी अजून ते? जे जलमलंच नाही त्याले भेटाले जातो म्हनू?"

"फिरायला लिहा."

"मले फिराचं नाही."

मी म्हटलं, काकू म्हणाल्या, रांगेतली दोन माणसंही म्हणाली. पण सही काकाजींची होती. त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'विशेष काम नाही. पत्नीसोबत.' खाली, मुदत संपल्यावर भारतात परत येण्याचं कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं, 'पत्नी परत येईल म्हणून.' ट्यूबलाइटसमोर धरता येत नाही म्हणून त्यांनी संगणकाच्या पडद्यालाच नाक लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "धाडा." मी धाडलं. बोटांचे ठसे द्यायला दोघं हैदराबादला जाऊन आले. काकूंनी तिथून मला बांगड्या आणल्या, अजून वापरते.

उत्तर दुकानातल्याच संगणकावर आलं. काकूंना व्हिसा मिळाला होता. काकाजींना नाही. तुमच्या भेटीच्या उद्देशाबद्दल आमची खात्री पटलेली नाही, असं पत्रात होतं.

मी ते छापून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्यावर पंजा ठेवला, पण या वेळी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "बराबर आहे त्याचं. माहीबी पटली नोती."

मला वाटलं होतं, काकू आता त्यांना सोलून काढतील. पण त्या नुसत्या बसून राहिल्या. खापा आणि खापरखेडा सोडून ही बाई कुठे एकटी गेलेली नव्हती, आणि आता तीन विमानं बदलून जायचं होतं. त्यांचा धीर सुटत चालला होता, हे दिसत होतं. काकाजींनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "तू जाय. तुह्या अर्जात खोट नाही." मी उगाच प्रिंटरमधले कागद सारखे करत बसले.

निघायच्या दिवशी त्यांच्या घरी डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांनी बॅगा फुगल्या होत्या. गर्दीत बॅग ओळखू यावी म्हणून काकाजींनी मोठ्या बॅगेला आपला लाल टॅग बांधला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'धोका' आणि त्याच्या वर कवटी आणि फुलीसारखी दोन हाडं. नागपूरच्या विमानतळावर सुरक्षेच्या जवानाने ती बॅग बाजूला घेतली आणि विचारलं, "माताजी, ये क्या है?"

काकू म्हणाल्या, "कुछ नहीं भैया, हमारे मालक का लाड है."

जवानाने टॅग काढायला हात पुढे केला तर काचेपलीकडून काकाजी ओरडले, "अरे, तुमने नहीं लगाया, तुम मत निकालो!" शेवटी त्याने काकाजींनाच आत बोलावून टॅग काढायला लावला. त्यामुळे काकाजींना काकूंचा निरोप दोनदा घ्यायला मिळाला. दुसऱ्या वेळी दोघांचेही डोळे भरले होते, आणि ते जवानाला दिसू नयेत म्हणून दोघंही इकडेतिकडे बघत होती.

घरी परत आल्यावर काकाजींना स्वयंपाकघरात एक गोष्ट सापडली. आंब्याच्या लोणच्याच्या काठोकाठ भरलेल्या बरणीला त्यांच्याच गठ्ठ्यातला एक टॅग बांधलेला होता. नाव: बेबी. काम: यांचं बीपी. केव्हा होईल: मी आल्यावर. खाली सही. कूलरचा हिशेब काकूंनी असा चुकता केला होता.

काकाजी तो टॅग दाखवायला मला बोलवून घेऊन गेले. त्यांना राग आला नव्हता, उलट अभिमान वाटत होता. "पाहा, एकबी रकाना रिकामा नाही," ते म्हणाले. "रूल म्हन्जे रूल. आता ही आली की खाईन." आणि बरणीला लांबूनच नमस्कार केल्यासारखं करून त्यांनी दिवा घालवला.

त्यानंतर ते दुकानात यायचे, पण नुसते उभे राहायचे. लोक आपापले फॉर्म माझ्याकडे सरकवायचे आणि मी भरायची. काकाजी कोणाला काही विचारायचे नाहीत. एका बाईने मुद्दाम त्यांच्यासमोर कागद धरून 'काका, मीच भरू का?' म्हटलं, तर ते म्हणाले, "ह्या ताई बऱ्या भरतात." तेव्हा मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं माझा धंदा बुडवणाऱ्या माणसाने माझी जाहिरात करावी, याहून वाईट लक्षण काय असणार?

मग एका सकाळी ते फोन उंच धरून आले. मुलगी झाली होती, आणि काकू वेळेवर पोचून तिच्या आईजवळ होत्या. मी फोटो मोठा छापून दिला. काकाजींनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "नाक कोनाचं?"

"तुमचं," मी म्हटलं. खरं तर एवढ्याशा बाळाचं नाक कोणाचंच नसतं. पण मी काही फॉर्म भरत नव्हते.

त्याच आठवड्यात ते धरमपेठेला गुपचूप जाऊन आले. मला कळलं ते त्यांच्या हातातल्या छापील मसुद्यामुळे. त्या सल्लागार मुलाने त्यांना बसवून चहा पाजला होता, सगळं ऐकून घेतलं होतं आणि नमुना म्हणून एक पान दिलं होतं. काकाजींनी ते मला वाचून दाखवलं. त्यात कुटुंबासमवेत आनंददायी वेळ होता, निसर्गसौंदर्य होतं, नायगारा धबधबा होता.

"पोट्टा वाईट नाही, ताई. लय चांगला आहे. पन मले नायगारा नाही पाहाचा. कन्हानचा पूर पाहेल आहे मी. याच्यावर माही सही कशी होईन?"

"मग तुम्हाला कशाला जायचंय, काकाजी? आता तरी सांगा."

त्यांनी मसुद्याची घडी घातली. मला आता राहवेना. मी सरळ माझ्या फोनवरून काकूंना व्हिडिओ कॉल लावला. इकडे संध्याकाळ झाली होती, तिकडे सकाळ, आणि काकू पाय पसरून पायांवर नातीला पालथं घालून तेल लावत होत्या. मी म्हटलं, "काकू, काकाजींना विचारताहेत, भेटीचा उद्देश काय. काय लिहू?"

"काय लिहू म्हन्जे?" काकूंचा हात थांबला. "अवो, मी काय आता एकटी येनार आहे का वापस? त्या मधल्या विमानतळावर मी पाटी वाचतवाचत रडली, हे पोरीलेबी नाही सांगितलं. मले न्याले कोन येनार?"

काकाजी फोनच्या अगदी जवळ गेले. त्यांच्या कपाळापलीकडे काकूंना काही दिसत नसणार. "पन ते काम म्हनून धरतील का वं?"

"बायकोले घरी आननं काम नाही तं काय टाइमपास आहे?"

काकाजी स्टुलावर बसले, त्याच स्टुलावर, जिथे त्यांनी आख्ख्या लेआउटाला बसवलं होतं. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडून कोरा कागद मागून, आधी हाताने लिहिलं, 'पत्नीला घरी परत आणणे.' वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोनकडे न बघता मला हळूच म्हणाले, "ताई, अजून एक लिहा लागन. करमत नाही."

"काय म्हनतात?" फोनमधून काकू.

"काही नाही. फॉर्मचं चालू आहे," काकाजी म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढला. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, आणि मी ते त्यांना सांगितलंही. म्हटलं, "काकाजी, तुम्ही फार चांगले आहात." ते म्हणाले, "हाव, पन स्पेलिंग पाहून घ्या."

त्या सल्लागार मुलाचं म्हणणं खरं होतं. खरं पण मांडावं लागतं. फक्त ते मांडायला काकाजींना तो मुलगा पुरला नाही, मी पुरले नाही. त्यांना काकूच लागल्या.

उद्देशाच्या रकान्यात आम्ही ते दोन्ही घातलं: पत्नी एकटी परत येऊ शकत नाही, तिला आणायला जातो, आणि घरात तिच्याशिवाय करमत नाही. परत येण्याच्या कारणातही तेच. सगळं झाल्यावर मी छापलेला अर्ज काउंटरवर ठेवला, त्यावर माझा पंजा पालथा टाकला आणि विचारलं, "सही कोनाची?"

"माही!" काकाजी एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांगेतला माणूस दचकून आपला आधार कार्डाचा कागद सांभाळू लागला.

या वेळी साहेबाची खात्री पटली. काकाजींनी संत्रा बर्फीचा एक डबा मला दिला आणि एक धरमपेठेला नेऊन त्या मुलाला दिला. तो म्हणाला म्हणे, "काका, पण मी तर काहीच केलं नाही." काकाजींनी त्याला सांगितलं, "म्हनूनच आनला."

जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि कुंड्यांना पाणी कधी घालायचं ते तोंडपाठ करून घेतलं. तिकडे उतरल्यावर काय झालं ते काकूंनी फोनवर सांगितलं. खिडकीतल्या गोऱ्या साहेबाने विचारलं, कशासाठी आलात? काकाजी म्हणाले, "टु टेक वाइफ होम." साहेब हसला. कधी परत जाणार? तर काकाजींनी गंभीरपणे सांगितलं, "वाइफ विल टेल." साहेबाने शिक्का मारला. तोही लग्न झालेला असावा.

काकूंनी अजून सांगितलेलं नाही. आधी म्हणाल्या, नात पालथी पडू दे. मग म्हणाल्या, बसायला लागू दे. मुदत वाढवायचा अर्ज काकाजींनी तिकडे स्वतःच भरला. मला फोन करून नुसतं एवढंच विचारलं, "सही कोनाची, ओळखा?"

इकडे माझा धंदा जोरात आहे. रांगेतलं कोणी कोणाला काही विचारत नाही, मी भरते, ते सही करतात आणि जातात. पैसे चांगले मिळतात आणि मला करमत नाही.

परवा कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले. लोणच्याची बरणी ओट्यावर होती. काकूंचा टॅग जागच्या जागी, गाठसुद्धा तशीच. बरणी मात्र अर्धी. गाठ झाकणाच्या मुठीला होती. या माणसाने टॅगला हात लावला नव्हता, टॅगसकट झाकण उचललं होतं. चार नावं लिहिल्याशिवाय पुढे न सरकणारे काकाजी! त्या रिकाम्या घरात उभी राहून मी एकटीच किती वेळ हसले, आणि मग हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. काकूंना मी हे सांगितलेलं नाही. ज्यानं खाल्लं त्यानंच सांगायचं.

बाहेर येऊन फाटक लावलं. फाटकावर त्यांनी जाताना बांधलेला लाल टॅग आहे, उन्हाने थोडा फिका पडलेला. नाव आहे, सही आहे. काम: बायकोला घरी आणणे. केव्हा होईल: ती म्हणेल तेव्हा. वाऱ्याने तो उलटा झाला होता. मी तो सरळ करायला हात पुढे केला, मग आठवलं आणि तसाच राहू दिला. तेवढ्यात दुकानासमोर कोणीतरी कागद घेऊन उभं राहिलेलं दिसलं, म्हणून मी निघाले.